काळ्या जिभेचा फिटर

आमच्या ह्यांची जीभ मी नीट पाहिलेली आहे. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तेवढ्यात दोनदा ह्यांचा घसा आला आणि दोन्ही वेळा बॅटरी धरून मीच आत डोकावले. जीभ चारचौघांसारखी गुलाबी आहे, सकाळी जरा पांढरट असते. तरी आमच्या कारखान्यातल्या दोनशे माणसांना विचारा, ती काळी आहे असं दोनशेही जण सांगतील. त्यांच्यापैकी एकानेही कधी बॅटरी धरलेली नाही.

कारखाना डब्यांचा. रंगाचे, पॉलिशचे, वंगणाचे पत्र्याचे डबे आणि त्यांची झाकणं. हे तिथे फिटर आहेत, म्हणजे यंत्र बिघडलं की ह्यांना बोलावतात. सगळे मिस्त्री म्हणतात. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. झाकणं शंभराच्या थप्प्यांनी लावायची, कागदात गुंडाळायची, खोक्यात भरायची. त्यामुळे नवऱ्याबद्दल कोण काय बोलतं ते मला तिसऱ्याकडून कळत नाही, थेट तोंडावर ऐकायला मिळतं.

सुरुवात कॉम्प्रेसरच्या पट्ट्यापासून झाली. एका मंगळवारी हे त्याच्यापाशी उभे राहिले आणि सुपरवायझरला म्हणाले, "हा शनिवार बघत नाही." शुक्रवारी अकराला पट्टा तुटला आणि त्याचं टोक सुपरवायझरच्याच केबिनच्या काचेवर जाऊन बसलं. मग मालाची लिफ्ट. "वर जाताना कण्हतेय, भरून नेऊ नका," असं हे म्हणाले होते. लोकांनी ती भरून नेली आणि शिवाय कॅशियरही आत चढला. दोन मजल्यांच्या मध्ये दोन तास तो बिचारा खोक्यांवर बसून होता. बाहेर आल्यावर त्याने पहिलं वाक्य काय उच्चारावं? "मिस्त्री बोलले तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता." अरे, मग चढलास कशाला?

आता यात काळं काय आहे, मला सांगा. हे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. आत काय घासतंय, काय सैल झालंय ते ह्यांना कळतं, कारण एकोणीस वर्षं तेच केलं आहे. ताप आहे असं डॉक्टरने सांगितलं तर ताप डॉक्टरने आणला असं कुणी म्हणत नाही. पण हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, ऐकतो कोण.

ह्यांचंही चुकतंच. बोलण्याची एक पद्धत असते. "पट्टा बदलायला हवा" असं म्हणावं ना माणसाने. हे म्हणतात, "हा जाणार." एखाद्याच्या नावाचा पुकारा करावा तसं.

मी एकदा म्हणाले, "अहो, जरा गोड शब्दांत सांगत जा. बदलायला हवा म्हणा."

"बदलायला हवा म्हटलं की कुणी बदलत नाही."

"आणि जाणार म्हटलं की?"

"तरी नाही बदलत. पण गेल्यावर निदान आठवतं."

आठवतं, तेच तर दुखणं आहे. एकदा माझी धाकटी बहीण जेवायला आली होती आणि ह्यांनी कुकरकडे बघून सांगितलं की याचा वॉल्व्ह आज उडणार. मी नवा आणायचा विसरले होते, चूक माझी. भात छताला जाऊन चिकटला. तेव्हापासून बहीण आमच्याकडे आली की ह्यांच्यासमोर बसत नाही, जरा तिरकी बसते.

कारखान्याचा व्हॉलीबॉलचा संघ आहे. आसपासच्या आठ कारखान्यांची दरवर्षी स्पर्धा होते, आणि ते तीन आठवडे आमच्याकडे यंत्रांपेक्षा माणसंच जास्त तापलेली असतात. ह्यांना त्या खेळाचं भारी वेड. स्वतः खेळत नाहीत, पण बाकावर बसून एकेक गुण डोळ्यांत तेल घालून बघायचे. चार वर्षांपूर्वी उपांत्य सामन्यात हे शेजारच्याला म्हणाले, "तो आपला पास देणारा डाव्या पायावर वजन टाकत नाहीये. पुढच्या उडीला बसणार बघ." पुढच्या नाही, तिच्या पुढच्या उडीला तो घोटा धरून खाली बसला. आपण हरलो. शेजारी होता स्टोअरचा कारकून, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने चहाच्या वेळेपर्यंत कारखानाभर करून टाकलं की मिस्त्रींनी पोराला बसवलं.

पुढच्या वर्षी कॅप्टनने ह्यांना बाजूला घेतलं. कॅप्टन म्हणजे त्या संघाचा. कामावर तो चार नंबरच्या प्रेसवर असतो, झाकणं कापतो. उंच, हसरा, तिशी नुकतीच ओलांडलेला, आणि मनाने वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगते. तो म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका, पण सामना संपेपर्यंत पंपाच्या खोलीत बसाल का? पंपाचा आवाज जरा वेगळा येतोय." पंपाला काही धाड भरली नव्हती. ते ह्यांनी उभ्या उभ्या ऐकूनच ओळखलं, आणि तरी गेले. नेमका तो सामना आपण जिंकलो. झालं. तेव्हापासून दर सामन्याला ह्यांची जागा ठरली, पंपाच्या खोलीत पालथ्या बादलीवर. तिथून मैदान दिसत नाही. हे आरडाओरड्यावरून गुण ओळखतात आणि भिंतीवर खडूने मांडतात. शेवटी येऊन माझ्याकडून खरे आकडे घेतात, तेव्हा एखाद-दुसऱ्या गुणाचाच फरक असतो.

बाकीच्यांचे चाळे ऐकाल तर हसाल. प्रॉडक्शनचे साहेब स्पर्धा सुरू झाली की दाढी करत नाहीत. स्टोअरचा कारकून मैदानाच्या पायऱ्यांवर तिसऱ्याच पायरीवर बसतो. एकदा पाणी प्यायला उठला तर गुण गेला म्हणे, म्हणून आता घसा सुकला तरी हलत नाही. आणि कॅप्टनचा मोजा. हिरव्या पट्ट्यांचा, उजव्या पायाचा एकच. पहिल्यांदा करंडक आणला त्या दिवशी तो पायात होता, तेव्हापासून त्याला पाणी लागलेलं नाही. सामना नसेल तेव्हा तो मोजा चार नंबरच्या प्रेसच्या हँडलला बांधलेला असतो. वारा तिकडून सुटला की पॅकिंगच्या बायका निमूट खिडक्या उघडतात. यांतल्या कुणाला कुणी वेडं म्हणत नाही. आणि जो माणूस डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून बोलतो, त्याला बादलीवर बसवतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती उगाच नाही.

कामातही तेच. नवं यंत्र आलं की ते बसवायचं ह्यांनी. चार-चार दिवस पोटावर झोपून खालचे बोल्ट आवळायचे, आणि सुरू करायच्या वेळी कुणीतरी येणार, "मिस्त्री, जरा गेटवर बोलावलंय." गेटवर कुणी बोलावलेलं नसतं. हे परत येईपर्यंत दुसऱ्याने बटण दाबलेलं असतं. आमच्या पॅकिंगच्या बायका मला म्हणतात, "वहिनी, आज आमचं टार्गेट आहे, मिस्त्रींना इकडे पाठवू नका हं." मी चार शब्द सुनवायला जावं, तर मागून हे येतात आणि त्यांच्यात मिसळून हसतात. त्यांच्यापेक्षा मला ह्यांच्या हसण्याचा राग यायचा. मी एकटीने भांडायचं आणि ह्यांनी हसायचं.

यंदा जुने फोरमन निवृत्त होणार होते. फिटरांमध्ये सगळ्यांत जुने हेच. काम बघायचं तर विचारायचीही गरज नव्हती. तरी कार्मिक विभागाच्या साहेबांनी मला बोलावलं. ह्यांना नाही, मला.

"कामाबद्दल प्रश्नच नाही," ते म्हणाले. "पण माणसं बिचकतात हो. फोरमनला रोज सकाळी सगळ्यांशी बोलावं लागतं. हे बोलायला लागले की माणसं हातातली हत्यारं खाली ठेवतात. महिनाभर जरा आवरतं घेतील का? अंतिम सामन्याच्या आठवड्यात नाव लावायचं आहे."

मी हो म्हणून आले. त्या संध्याकाळी ह्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, "महिनाभर तोंडाला कुलूप. यंत्राबद्दल आधी एक शब्द बोलायचा नाही. बिघडू द्या, मग दुरुस्त करा. बाकीचे फिटर तेच करतात आणि सुखात आहेत."

"काही गोष्टी बिघडल्यावर दुरुस्त होत नाहीत," हे म्हणाले.

"मला नका शिकवू. एकोणीस वर्षं तेच ऐकतेय. कबूल आहे की नाही?"

"कबूल," हे म्हणाले.

मला ते फोरमनपद हवं होतं. ह्यांच्यासाठी हवं होतं असं मी तेव्हा म्हणत होते. खरं सांगायचं तर त्या बायकांसमोरून एकदा ताठ मानेने जायचं होतं मला.

चौथ्या दिवशी चहा घेताना हे हळूच म्हणाले, "कुलूप घरातही आहे का?"

"घरात काय बोलायचं ते बोला."

हे मला उठवून न्हाणीघराच्या दारापाशी घेऊन गेले. आमच्या त्या दाराचा खटका झिजलेला आहे. दार लावलं की वाटतं बसलं, आणि दोन क्षणांनी ते आपोआप उघडतं. ह्यांनी ते दोनदा उघडझाप करून दाखवलं.

"चार नंबरचं असं झालंय," हे म्हणाले.

मग समजावून सांगितलं. प्रेसखाली पत्र्याची पट्टी सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून पंच, म्हणजे कापणारा ठोकळा, एकदा खाली येतो, झाकण कापतो, वर जाऊन थांबतो. मग आत हात घालून झाकण काढायचं. मिनिटाला दहा-बारा वेळा. पंचाला वर थांबवायचं काम क्लचमधला एक पोलादी तुकडा करतो, त्याला चावी म्हणतात. तिची कड झिजली की ती धरत नाही, आणि पेडल न दाबताच पंच दुसऱ्यांदा खाली येतो. याला आमच्याकडे डबल मारणं म्हणतात. पहिल्यांदा येतो तो झाकणासाठी. दुसऱ्यांदा येतो तेव्हा आत हात असतो. पुढे जाळी होती, पण हात लवकर चालावा म्हणून ती कधीच काढून कोपऱ्यात ठेवलेली.

"कॅप्टनला माहीत आहे?" मी विचारलं.

"काल त्याच्यासमोरच मारला एकदा डबल. वाकून पट्टी उचलत होता म्हणून वाचला. उठून त्याने काय केलं असेल? मोजा वरच्या हँडलचा काढून खालच्या हँडलला बांधला."

मला हसू आलं. मोठ्याने हसले मी. आता त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा आलं.

नव्या चावीची मागणी ह्यांनी चार महिन्यांपूर्वीच दिली होती. मी स्वतः स्टोअरच्या कारकुनाकडे गेले. तो म्हणाला, "मागवलीय वहिनी, येतेय. तोवर मिस्त्रींना म्हणावं, तेवढं बोलू नका." ह्यांनी प्रॉडक्शनच्या साहेबांना चिठ्ठी पाठवली, बोलायचं नव्हतं म्हणून चिठ्ठी. साहेबांनी तिच्यावर लाल पेनने लिहून पाठवलं, "ऑर्डर संपल्यावर बघू."

"एकदा फक्त कॅप्टनशी बोलतो," हे मला म्हणाले.

"बारा दिवस राहिलेत," मी म्हणाले. "बारा दिवसांनी काय बोलायचं ते बोला."

तरी हे गेलेच. मी पॅकिंगच्या दारातून बघत होते. ह्यांनी तोंड उघडायच्या आतच कॅप्टनने दोन्ही हात जोडले. "मिस्त्री, पाया पडतो, बोलू नका. स्पर्धा होईपर्यंत माझ्या मशीनकडे बघूसुद्धा नका." हे जरा वेळ त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले आणि वळून आले.

त्यानंतर ह्यांनी खरंच कुलूप लावलं. घरीसुद्धा. मीठ कमी आहे, पाणी गेलंय, काही नाही. आधी मला बरं वाटलं, मग दोन दिवसांत घर खायला उठलं. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, "वहिनी, मिस्त्री किती शांत झालेत," आणि कार्मिकचे साहेब जाता जाता माझ्याकडे बघून हसले. हे मात्र डबा खायला बसले की तोंड प्रेसच्या शेडकडे करून बसायचे, आणि घास हातात धरून ऐकायचे.

हळूहळू मलाही ऐकू यायला लागलं. अकरा वर्षं त्या आवाजात काम केलं, कधी लक्ष गेलं नव्हतं. ठक्. मग जरा वेळ. ठक्. मग जरा वेळ. मग एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास असताना ऐकू आलं, ठक्-ठक्. माझ्या हातातली शंभर झाकणांची थप्पी खाली गेली. मी दाराकडे धावले. कॅप्टन स्टुलावर बसलेला होता, हात छातीशी धरलेला, अख्खा. वेळेवर मागे घेतला असणार. त्याने वर पंचाकडे बघितलं, मोज्याची गाठ आवळली आणि पुढची पट्टी घेतली.

तो अर्धा तास कसा काढला ते माझं मला माहीत. सुट्टीची घंटा झाली तशी मी जेवणाच्या टेबलापाशी जाऊन बसले. ह्यांना सांगायचं होतं की चुलीत गेलं ते फोरमनपद, जा आणि बोंबलून सांगा. तर ह्यांचा पत्ता नाही. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. सुट्टी संपत आली तेव्हा हे आले, कोपरापर्यंत काळे.

"अहो, कुलूप काढा," मी म्हणाले.

"चावीच काढली," हे म्हणाले, आणि एक गाठोडं माझ्या पिशवीत टाकलं.

बघते तर कॅप्टनचा मोजा, तेलाने निथळणारा, आणि आत गुंडाळलेला बोटभर लांबीचा पोलादी तुकडा. तो काढताना हँडल मोकळं करावं लागलं, म्हणून मोजा सोडला, तो खाली तेलाच्या ट्रेमध्ये पडला. मग ह्यांनी त्यातच चावी गुंडाळली. चावीशिवाय प्रेस म्हणजे नुसता लोखंडाचा ढीग, पेडलवर नाचलात तरी पंच हलत नाही.

पुढचं सांगायला नको. प्रॉडक्शनचे साहेब वाढलेली दाढी घेऊन शेडमध्ये थयथयाट करत होते. "चावी कुणी काढली?"

"मी," हे म्हणाले.

"लाव परत."

"हरवली."

लग्नानंतर मी ह्यांना खोटं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. कान लाल झाले होते. मी पॅकिंगच्या दारात उभी होते, पिशवी पायांशी होती, ती मी पायाने दाराआड सारली.

आता गंमत ऐका. जी चावी चार महिने येत होती, ती प्रेस बंद पडल्याबरोबर दोन दिवसांत आली. तोच कारकून धापा टाकत घेऊन आला. ह्यांनीच ती बसवली, कोपऱ्यातली जाळीही झटकून पुढे लावली. प्रेस सुरू झाला. ठक्. मग जरा वेळ. ठक्. मी दिवसभर कान लावून होते, एकदाही चुकला नाही. ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली आणि ह्यांच्या हातात मेमो पडला.

मी जुनी चावी पॅकिंगच्या बायकांना दाखवली. कड कशी झिजलीय, नखाएवढा भाग कसा गेलाय, तिने काय झालं असतं, सगळं. त्यांनी ती हातोहात फिरवली.

"एवढ्याशासाठी ऑर्डर बुडवली?" एक म्हणाली.

"अगं, हात गेला असता त्याचा."

"पण गेला नाही ना?"

काही झालं तर ह्यांच्या जिभेमुळे झालं, आणि झालं नाही तर ते होणारच नव्हतं. मी भिंतीवर डोकं आपटून घ्यायचीच बाकी होते. हे म्हणाले, "जाऊ दे." हे नेहमी तेच म्हणतात.

राहिला मोजा. दुसऱ्याची वस्तू आपल्यामुळे खराब झाली, तर ती नीट करून द्यावी एवढी मला अक्कल आहे. कढत पाण्यात घातला, तीन पाणी काळी निघाली, चौथ्याला हिरवे पट्टे दिसायला लागले. वाळवला, इस्त्री केली, कागदात घडी घालून अंतिम सामन्याच्या सकाळी कॅप्टनला नेऊन दिला. मला वाटलं, निदान हसेल. त्याने कागद उघडला, मोजा नाकाशी नेला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"वहिनी, तुम्ही हा धुतलात?"

"तेल लागलं होतं रे."

तो तसाच स्टुलावर बसला. तीन वर्षांचं नशीब मी मोरीत सोडून दिलं होतं.

त्याच सकाळी फळ्यावर फोरमनचं नाव लागलं. सहा वर्षांपूर्वी लागलेला एक फिटर, भला माणूस, यंत्र पूर्ण बंद पडेपर्यंत कधी तोंड उघडत नाही. हे त्याला भेटायला गेले आणि म्हणाले, "अभिनंदन."

"म्हणजे?" तो घाबरून म्हणाला. "काय होणार आहे?"

सामना दुपारी चारला, आमच्याच मैदानावर. पावणेचारला हे खिशात खडू टाकून निघाले. मी बाही धरली.

"कुठे?"

"पंपाच्या खोलीत."

"पंपाला काय झालंय?"

"काही नाही."

"मग चला बाकावर."

हे नको नको म्हणत होते, मी ओढतच नेलं. आठ माणसांचा बाक, आम्ही बसलो आणि बाकीचे सहाजण एकेक करून उठले. कुणाला फोन आला, कुणाला ऊन लागलं. आम्ही दोघंच उरलो. चार वर्षांनी ह्यांना मैदान दिसत होतं. मी सामना कमी बघितला, ह्यांच्याकडेच जास्त बघितलं. दुसऱ्या सेटमध्ये ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोला," मी म्हणाले. "आता काय जाणार आहे आपलं?"

हे माझ्या कानाशी आले. "कॅप्टन बॉल फार पुढे उडवतोय. डोक्यात दुसरंच काहीतरी आहे त्याच्या. अशा सर्व्हिस नेटमध्ये जाणार."

गेल्या. एक नाही, सात. तिसरा सेट गेला, चौथा तर बघवला नाही. सामना हरलो. शिट्टी वाजली तेव्हा पायऱ्यांवरच्या सगळ्या माना आधी आमच्या बाकाकडे वळल्या आणि मग करंडकाकडे. कारकून तिसऱ्या पायरीवरून उठला, सुकलेल्या घशाने काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही, ऐकायची गरजही नव्हती.

कॅप्टन नेटखालून थेट आमच्याकडे आला. मोजा पायात होता, स्वच्छ. डोळे भरलेले होते, आणि मला त्याची दयाही येत होती आणि रागही, दोन्ही एकदम.

"मिस्त्री, काय घोडं मारलं होतं मी तुमचं?" तो म्हणाला. "मशीन बंद पाडलंत. मोजा धुतलात. आणि वर आजच्याच दिवशी समोर येऊन बसलात."

"मोजा मी धुतला," मी म्हणाले. "आणि बाकावर मीच आणलंय ह्यांना."

माझ्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत ती चावी होती, माझा हात आत गेलेला होता. काढून त्याच्या नाकापुढे धरावी असं वाटत होतं. ह्यांनी माझ्या मनगटावर हळूच हात ठेवला.

कॅप्टन माझ्याकडे वळला. त्याने आपले दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडे धरले, घामाने ओले, मातीने भरलेले.

"वहिनी, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "काय राहिलं माझ्या हातात?"

मी बघितलं. डाव्या हाताला अंगठा, मग चार. उजव्या हाताला अंगठा, मग चार, करंगळीच्या नखाखाली थोडं काळं वंगण. घाई न करता मी एकेक मोजलं.

"दहा," मी म्हणाले.

"बारा," तो चिडून म्हणाला. "शेवटच्या सेटला बारा गुण केले होते आम्ही."